संजयाचें ऋण

जें पाहण्यास इतर सर्वांना मज्जाव आहे तें पाहण्याची परवानगी एखाद्या मनुष्यास मिळाली, तर त्याच्यावर पहिलें ऋण कोणाचें? ज्यानें दार उघडून त्यास आंत घेतलें त्याचें, कीं जे दाराबाहेर उभे राहून तो परत येऊन काय सांगतो याची वाट पाहत आहेत त्यांचें? प्रश्न वरवर पाहतां सोपा आहे आणि त्याचें उत्तर कोणीहि चटकन देईल. परंतु व्यवहारांत ज्याच्यापुढें हा प्रश्न उभा राहतो त्यास तो प्रश्न म्हणून क्वचितच दिसतो. त्यास तो सन्मान म्हणून दिसतो. आणि स्वतःस मिळालेल्या सन्मानाची चिकित्सा करण्याची संवय मनुष्यस्वभावास फारशी नाहीं.

या प्रश्नाचें आमच्याकडील सर्वांत जुनें उदाहरण महाभारतांत आहे. व्यासांनीं धृतराष्ट्रास दृष्टि देऊं केली. स्वकुलाचा संहार डोळ्यांनीं पाहवणार नाहीं म्हणून त्यानें ती नाकारली, परंतु ऐकण्याची इच्छा मात्र त्यास सोडवेना. तेव्हां व्यासांनीं ती दृष्टि संजयास दिली. संजयाची स्थिति विचार करण्यासारखी आहे. दृष्टि दिली व्यासांनीं, अन्न खाल्लें कौरवांचें, आणि वृत्तांत सांगावयाचा तो ज्याचा पक्ष हरत आहे अशा राजास. असें असतांहि रणांगणावरून परत येऊन तो राजापुढें उभा राहतो तेव्हां आधीं सांगतो तें भीष्म पडल्याचें. सर्वांत कडू बातमी तो सर्वांच्या आधीं सांगतो आणि मग मागें जाऊन युद्धाची हकीकत क्रमानें निवेदन करतो. हा अनर्थ तुझ्याच दोषाचें फळ आहे, हेंहि तो आपल्या धन्यास पुनःपुन्हां ऐकवितो.

हा संजय मनांत ठेवून विसाव्या शतकांतील एका दुसऱ्या संजयाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. अमेरिकेंतील 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राचा विज्ञान-बातमीदार विल्यम लॉरेन्स हा तो मनुष्य होय. १९३० पासून १९६४ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षें, त्यानें एकाच पत्रांत विज्ञानाच्या बातम्या लिहिल्या. त्याच्या कारकीर्दीचा बहुतेक भाग कोणाहि बातमीदारास भूषणावह वाटावा असा आहे. परंतु तिच्यांतील १९४५ सालचे कांहीं महिने असे आहेत कीं ते वगळून तिचा हिशेब मांडतां येत नाहीं, आणि ते धरल्यास हिशेब जुळत नाहीं.

विज्ञानाच्या बातमीदाराचा धंदा इतर बातमीदारांच्या धंद्याहून एका गोष्टींत वेगळा आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. नगरपालिकेच्या सभेचा वृत्तांत चुकीचा आला तर सभेस हजर असलेले लोक दुसऱ्या दिवशीं ती चूक दाखवितात. बाजारभाव चुकला तर व्यापारी ओरडतो. क्रिकेटच्या सामन्याचा निकाल चुकला तर शाळकरी पोरेंहि हंसतात. परंतु युरेनियमचा अणु फुटतांना किती ऊर्जा बाहेर पडते ही बातमी पारखून घेण्याचें साधन सामान्य वाचकाजवळ नसतें. त्यास बातमीदारावर विश्वास ठेवावा लागतो आणि बातमीदारास शास्त्रज्ञावर. शास्त्रज्ञानें बोलणें बंद केलें कीं बातमीदाराचा धंदा बसलाच. म्हणून प्रयोगशाळेचें दार आपल्यासाठीं उघडें राहावें अशी काळजी त्यास वाहावी लागते; आणि जो नेहमीं दाराची काळजी वाहतो त्यास घरधन्याची मर्जी संभाळण्याची संवय नकळत लागते.

लॉरेन्सचा जन्म ७ मार्च १८८८ रोजीं त्या वेळच्या रशियन साम्राज्यांत मोडणाऱ्या लिथुआनियांतील सलान्ताइ या गांवीं एका ज्यू कुटुंबांत झाला. १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमींत त्यानें देश सोडला. आईनें आपणांस लोणच्याच्या पिंपांत लपवून सरहद्दीपार केलें, असें तो पुढें सांगत असे. अमेरिकेंत तो हार्वर्ड विद्यापीठांत शिकला, पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होता, १९२६ सालीं न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रांत बातमीदार झाला आणि चार वर्षांनीं 'टाइम्स'मध्यें विज्ञानाच्या बातम्या देण्यासाठीं आला. त्या काळीं वर्तमानपत्रांत विज्ञानाची जागा चमत्कारांच्या व करमणुकीच्या सदरांत असे. ती पालटावी म्हणून जे थोडे बातमीदार झटत होते त्यांनीं १९३४ सालीं विज्ञान-लेखकांची एक राष्ट्रीय संघटना स्थापिली. तिच्या संस्थापकांत लॉरेन्स होता. १९३६ सालीं हार्वर्ड विद्यापीठास ३०० वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां तेथें जमलेल्या विद्वत्परिषदेचे वृत्तांत उत्तम दिल्याबद्दल १९३७ सालचें पुलित्झर पारितोषिक पांच जणांस विभागून मिळालें. लॉरेन्स त्यांपैकीं एक; आणि आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट ही कीं, दुसरे एक होते दिल्लीचे गोविंद बिहारी लाल. १९१२ सालीं कॅलिफोर्नियास शिकण्यासाठीं गेलेले व गदर चळवळींत पडलेले हे गृहस्थ पुढें हर्स्टच्या पत्रांचे विज्ञान-संपादक झाले. परक्या राज्याविरुद्ध झगडलेला एक हिंदी आणि झारच्या राज्यांतून पळालेला एक ज्यू हे दोघे विज्ञानाच्या बातमीदारीबद्दल एकाच वर्षीं गौरविले जावे, यांत त्या नव्या धंद्याच्या उदारपणाची साक्ष आहे.

लॉरेन्सच्या लेखणीचा विशेष म्हणजे तिच्यांतील विस्मय. विज्ञानाकडे तो उपयुक्त विद्या म्हणून पाहत नसे. मनुष्यजातीस अंधारांतून बाहेर काढणारी एक दैवी शक्ति म्हणून पाहत असे. परमाणूच्या पोटांतील शक्ति हा तर त्याचा ध्यासच झाला होता. ५ मे १९४० रोजीं 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर त्यानें युरेनियम-२३५ संबंधीं सविस्तर बातमी दिली. या धातूच्या अल्प अंशांत अपार शक्ति आहे, तो वेगळा काढण्यांत शास्त्रज्ञांस यश येत आहे, आणि जर्मनीनें आपले शास्त्रज्ञ या कामास लावले आहेत, असा तिचा आशय होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकांत त्यानें याच विषयावर दीर्घ लेख लिहिला. पुढें युद्धकाळांत हा जुना अंक ग्रंथालयांत कोण मागतो यावर सरकारनें नजर ठेवली, यावरून त्या लेखाची किंमत कळून येईल. दरबारीं कोणी ऐकत नसतां, कोणाच्या परवानगीची वाट न पाहतां, एका बातमीदारानें स्वतःच्या अभ्यासानें जगास सावध केलें. आमच्या मतें लॉरेन्सच्या कारकीर्दीचा हा उत्कर्षबिंदु होय. या वेळीं तो दाराबाहेरच उभा होता.

१९४५ च्या वसंतांत दार उघडलें. परमाणुबाँब तयार करणाऱ्या गुप्त योजनेचा प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज हा स्वतः 'टाइम्स'च्या कचेरींत आला व त्यानें लॉरेन्सची मागणी केली. बाँब पडल्यावर जगास जें सांगावयाचें तें लिहून ठेवण्यासाठीं ग्रोव्ह्जला एक कसलेला लेखक हवा होता. लॉरेन्सचें नांव वर्तमानपत्राच्या पगारपटावरच राहावें, खर्च मात्र सरकारनें सोसावा, असें ठरलें. त्यानंतर लॉरेन्स योजनेचे गुप्त कारखाने व प्रयोगशाळा हिंडला. पांच वर्षांपूर्वी ज्याचें स्वप्न पाहिलें होतें तें त्यास प्रत्यक्ष दाखविण्यांत आलें. दुसऱ्या कोणाहि बातमीदारास तें दाखविलें गेलें नव्हतें. भक्तास देवळाचा गाभारा उघडून दिल्यावर त्याची जी अवस्था होईल तीच याची झाली.

या नेमणुकींत त्यानें पहिलें काम केलें तें बातम्या आगाऊ लिहिण्याचें. १६ जुलै १९४५ रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत बाँबची पहिली चांचणी झाली. तिचा परिणाम काय होईल हें कोणास निश्चित ठाऊक नव्हतें. म्हणून निरनिराळ्या परिणामांसाठीं निरनिराळीं प्रसिद्धिपत्रकें तयार ठेवण्यांत आलीं. त्यांतील एकांत हजर असलेल्या प्रमुख मंडळींच्या अपघाती मृत्यूची बातमी होती, आणि मृतांत लॉरेन्सचें स्वतःचेंहि नांव होतें. चांचणी सुखरूप पार पडली, आणि अलामोगोर्डो येथील तळावर दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला एवढीच बातमी लोकांस देण्यांत आली. ती खोटी होती. तथापि या खोट्याबद्दल आम्ही लॉरेन्सला दोष देणार नाहीं. युद्ध चालू होतें. शत्रूस गुप्त शस्त्राचा सुगावा लागूं नये म्हणून केलेली ती लपवालपव होती. सैनिकानें खंदकावर पाला टाकावा त्यांतलाच तो प्रकार. फक्त एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, पाला टाकण्याचें काम सैनिकाचें असतें. आणि तें करणारा मनुष्य त्या क्षणापुरता तरी बातमीदार उरलेला नसतो.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर बाँब पडला तेव्हां सोबतच्या विमानांत लॉरेन्स होता. मूळ लक्ष्य कोकुरा हें शहर होतें. तें ढगांनीं व धुरानें झांकलेलें असल्यामुळें विमानें नागासाकीकडे वळलीं. त्यानें पाहिलेल्या दृश्याचा वृत्तांत ठीक एका महिन्यानें, ९ सप्टेंबर रोजीं, प्रसिद्ध झाला. गद्य म्हणून त्यास तोड नाहीं. ढगाचा तो स्तंभ त्यास सजीव प्राण्यासारखा वाटला. त्याचे रंग, त्याचें वाढणें, त्याचें उमलणें यांचें वर्णन वाचतांना वाचक श्वास रोखून धरतो. खालीं मरणाऱ्यांबद्दल दया येते काय, असा प्रश्नहि तो स्वतःस विचारतो. आणि पर्ल हार्बर व बटानची आठवण होतांच ती येत नाहीं, असें उत्तर देतो. त्या शहरांत १९४५ अखेरपर्यंत सुमारें ७०,००० माणसें मेलीं असा अंदाज आहे. लॉरेन्सच्या वृत्तांतांत तीं कोठेंहि दिसत नाहींत, आणि विमानांतून तीं दिसणेंहि शक्य नव्हतें. आपल्याला जेथून दाखविलें गेलें तेथूनच त्यानें पाहिलें. संजयास युद्ध दिसलें तें पडलेल्या माणसांसह दिसलें. लॉरेन्सला तें फक्त तेजासह दिसलें. येथपर्यंतहि आम्ही त्यास दोषी म्हणणार नाहीं. दृष्टि अपुरी असणें हा अपराध नव्हे.

अपराधाचा आरंभ यापुढें होतो. २ सप्टेंबर १९४५ रोजीं जपाननें शरणागतीच्या लेखावर सही केली, युद्ध संपलें. त्याच सुमारास विल्फ्रेड बर्चेट हा ऑस्ट्रेलियन बातमीदार कोणाची परवानगी न घेतां एकटाच आगगाडीनें हिरोशिमास पोंचला. ५ सप्टेंबर रोजीं लंडनच्या 'डेली एक्सप्रेस'मध्यें त्याचा वृत्तांत आला. स्फोटांत ज्यांना जखमहि झाली नव्हती अशीं माणसें आतां केंस गळून, रक्त वाहून, कांहीं अनाकलनीय रोगानें मरत आहेत, असें त्यानें लिहिलें. जॉर्ज वेलर हा अमेरिकन बातमीदार नागासाकींत गेला व त्यानेंहि असेच रोगी पाहिले. परंतु त्याचे वृत्तांत लष्करी तपासनिसांनीं अडविले, ते सुमारें साठ वर्षांनंतर प्रकाशांत आले. बर्चेटच्या बातमीनें अमेरिकन सरकार अस्वस्थ झालें. बाँब हें केवळ मोठें शस्त्र, कीं विषारी वायूसारखें निषिद्ध शस्त्र, हा प्रश्न त्या बातमीनें उभा केला होता.

यावर ग्रोव्ह्जनें उपाय योजिला. बातमीदारांची एक तुकडी न्यू मेक्सिकोच्या चांचणीच्या जागीं नेण्यांत आली. येथें किरणोत्सर्ग जवळजवळ उरलेला नाहीं, हें तेथें त्यांना दाखविण्यांत आलें. त्या काळांत त्याच जागीं घेतलेल्या एका छायाचित्रांत ग्रोव्ह्ज व शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या बुटांवर पांढऱ्या कापडाचीं आवरणें दिसतात. किरणोत्सर्गी धूळ तळव्यांस चिकटूं नये म्हणून तीं घातलेलीं होतीं. १२ सप्टेंबर रोजीं लॉरेन्सचा वृत्तांत 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर आला. किरणांनीं माणसें मरत आहेत ही टोकियोहून येणारी हकीकत म्हणजे सहानुभूति मिळविण्यासाठीं चालविलेला जपानी प्रचार होय, आणि हें वाळवंट त्यास उत्तर आहे, असा त्याचा रोख होता.

या लेखांतील दोष कोठें आहे तें नीट पाहूं. वाळवंटांतील जमीन आठ आठवड्यांनंतर फारशी घातक उरली नव्हती, हें विधान कदाचित् खरेंहि असेल. परंतु हिरोशिमाच्या रोग्यांचा प्रश्न निराळा होता. स्फोटाच्या क्षणींच बाहेर पडणारे गॅमा किरण व न्यूट्रॉन शरीरांतून जातात आणि त्यांचा परिणाम कित्येक दिवसांनीं, आठवड्यांनीं प्रकट होतो; जमिनींत मागें उरणारा किरणोत्सर्ग ही दुसरी गोष्ट. दुसरी गोष्ट थोडी आहे असें दाखवून पहिली गोष्ट खोटी ठरविणें म्हणजे, काल वीज पडून मेलेल्या मनुष्याच्या अंगणांत आज वीज दिसत नाहीं म्हणून तो विजेनें मेलाच नाहीं असें म्हणण्यासारखें आहे. सामान्य बातमीदारास हा भेद उमगला नसता तर नवल नव्हतें. पण परमाणूच्या विषयावर लिहिणाऱ्या बातमीदारांत सर्वांत जाणता बातमीदार लॉरेन्सच होता. त्याच दिवसांत लॉस अ‍ॅलमॉसच्या रुग्णालयांत हॅरी डॅघ्लियन हा तरुण शास्त्रज्ञ मृत्युशय्येवर होता. २१ ऑगस्ट रोजीं प्रयोग करीत असतां एका क्षणांत त्याच्या शरीरांतून किरण गेले होते. १५ सप्टेंबर रोजीं, म्हणजे लॉरेन्सचा लेख छापल्यावर तीन दिवसांनीं, तो मेला. लढाई नाहीं, स्फोट नाहीं, जपानी प्रचार नाहीं, केवळ किरण. पुढें नोव्हेंबरांत ग्रोव्ह्जनें अमेरिकन सिनेटच्या समितीपुढें, या मरणांत फारशा यातना नसतात असें डॉक्टर सांगतात, अशी साक्ष दिली. सप्टेंबरांत जें नव्हतेंच तें नोव्हेंबरांत सुसह्य झालें होतें.

लॉरेन्सच्या बाजूनें जें सांगतां येईल तें सांगणें न्यायास धरून होईल. तो काळ युद्धाचा होता, असें म्हणतात. परंतु शरणागतीस दहा दिवस उलटले होते. शत्रूच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवावा, असें विचारतात. परंतु बर्चेट जपानी नव्हता, तो मित्रराष्ट्राचा नागरिक व मित्रराष्ट्राच्या पत्राचा बातमीदार होता. इतरांनींहि तेंच लिहिलें, असेंहि म्हणतां येईल. हें खरें आहे. 'टाइम्स'च्याच दुसऱ्या एका बातमीदारानें हिरोशिमाविषयीं दुसऱ्या दिवशीं असाच वृत्तांत दिला. परंतु आपण इतरांहून अधिक जाणतों म्हणून ज्याची निवड झाली, त्यास इतरांइतकेंच जाणत होतों असें म्हणून सुटतां येत नाहीं. आणि सर्वांनींच तसें लिहिलें हेंहि खरें नाहीं. चार्ल्स लोब या कृष्णवर्णी बातमीदाराचा एक लेख ५ ऑक्टोबर १९४५ रोजीं 'अ‍ॅटलांटा डेली वर्ल्ड' या लहानशा पत्रांत आला. लष्कराच्याच वैद्यकीय पाहणीच्या आधारें, किरणांनीं माणसें मेलीं हें त्यानें त्यांत मांडलें होतें. त्यास कोणीं कोणत्या गाभाऱ्यांत नेलें नव्हतें.

मग लॉरेन्सचें पाऊल घसरलें तें कशानें? पैशानें घसरलें, हें सोपें उत्तर आम्हांस पटत नाहीं. पगार घेऊनहि सत्य सांगतां येतें. संजय कौरवांचाच सेवक होता. संबंध लपविल्यानें घसरलें, असेंहि म्हणवत नाहीं. सरकारनें लॉरेन्सला बोलावलें होतें ही गोष्ट बाँब पडल्यावर गुप्त राहिली नाहीं. वर्तमानपत्रानें तिचा अभिमानच मिरविला. आजकाल असें समजलें जातें कीं, हितसंबंध जाहीर केला म्हणजे बातमीदाराचें कर्तव्य संपलें. लॉरेन्सचें उदाहरण हा समज पुरा पाडतें. हितसंबंध उघड होता, आणि उघड असल्यामुळेंच तो भूषण ठरला. ज्यास सरकारनें आंत नेलें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार, असें वाचकांनींहि मानलें. जें सावधगिरीचें कारण व्हावयास हवें होतें तें विश्वासाचें कारण झालें.

आमच्या मतें त्याचें पाऊल घसरलें कृतज्ञतेनें. हें म्हणतांना आम्हांस संकोच वाटतो, कारण कृतज्ञता हा सद्गुण आहे आणि सद्गुणांस अपराधाचें मूळ ठरविणें कोणासहि आवडत नाहीं. परंतु दुर्गुणांनीं माणसें बिघडतात तेव्हां त्यांना तें कळत तरी असतें. सद्गुणानें बिघडणाऱ्याचें मन शेवटपर्यंत निर्मळ राहतें, आणि म्हणूनच त्यास सांवरण्याची वेळ सांपडत नाहीं. ज्या सत्याची आयुष्यभर उपासना केली तें सत्य ज्यांनीं प्रत्यक्ष दाखविलें, ज्यांच्या पंक्तीस बसविलें, ज्यांच्या विमानांत घेतलें, त्यांच्या कृतीवर कोठल्याशा दूरच्या शहरांतील मरणोन्मुख माणसांनीं डाग लावावा, हें त्याच्या मनास सोसवलें नाहीं. त्यानें खोटें लिहिलें असें त्यास कधींच वाटलें नसावें. आपण विज्ञानाचें रक्षण करीत आहों, असेंच वाटलें असावें. विज्ञानाचा भक्त आणि विज्ञानाचा साक्षी या दोन भूमिका त्याच्या मनांत एकच होऊन बसल्या होत्या. भक्तास देवाची निंदा ऐकवत नाहीं. साक्षीदारास ती ऐकावीच लागते.

येथें दुसरा एक प्रश्न उभा राहतो. चौतीस वर्षांच्या परिश्रमांचें मोल कांहीं आठवड्यांवरून ठरवावें काय? १९४६ सालीं नागासाकीच्या वृत्तांताबद्दल व त्यानंतरच्या बाँबविषयक दहा लेखांबद्दल लॉरेन्सला पुन्हां पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९५६ सालीं तो पत्राचा विज्ञान-संपादक झाला, १९६४ सालीं निवृत्त झाला व १९७७ सालीं वारला. त्याच्या लेखांनीं हजारों वाचकांस विज्ञानाची गोडी लागली असेल. २००४ सालीं त्याचें पारितोषिक काढून घ्यावें अशी मागणी झाली. २०२१ सालीं त्याच्याच पत्रानें त्याच्या सरकारी संबंधांची चिकित्सा करणारा लेख छापला व चार्ल्स लोबच्या विस्मृत बातमीची आठवण करून दिली. मृताचें पदक काढून घेण्यानें कोणाचें भलें होईल हें आम्हांस कळत नाहीं. परंतु ते आठवडे म्हणजे एका चांगल्या आयुष्यांतील अपवाद होते, असें म्हणावयासहि आम्ही तयार नाहीं. मनुष्याचें शील संवयींनीं बनतें, असें अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. पंधरा वर्षें लॉरेन्सची लेखणी प्रत्येक नव्या शोधापुढें नतमस्तक होत आली होती. शोध निरुपद्रवी होते तोंपर्यंत त्या नमस्कारानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. उलट वाचक सुखावले. एक दिवस नमस्कारासाठीं पुढें आलेली वस्तु बाँब निघाली, आणि संवयीनें मान लवली. मोठ्या प्रसंगीं मनुष्य नवा निर्णय क्वचितच घेतो. लहान प्रसंगीं घेतलेले निर्णयच त्याच्याकडून तो घेववितात.

म्हणून या कारकीर्दीपासून घ्यावयाचा बोध रणांगणावरील बातमीदारापुरता नाहीं. आज बहुतेक विज्ञान-बातमीदारांस कोणीं जनरल बोलावीत नाहीं. परंतु दारें अजून आहेत आणि तीं उघडणारे हातहि आहेत. नवा शोधनिबंध प्रसिद्ध होण्याआधीं तो कांहीं निवडक बातमीदारांस, अमुक वेळेपर्यंत छापावयाचा नाहीं या अटीवर, दाखविण्याची रीत मोठ्या नियतकालिकांत रूढ आहे. औषधांच्या कंपन्या, अवकाश-संस्था, अणुऊर्जेचीं खातीं बातमीदारांस आपले कारखाने व प्रयोगशाळा दाखवितात. यांत वाईट असें कांहीं नाहीं. गेल्यावांचून दिसत नाहीं, आणि दिसल्यावांचून लिहितां येत नाहीं. बातमीदारानें आंत जाऊंच नये असें म्हणणें म्हणजे संजयानें दिव्यदृष्टि नाकारावी असें म्हणण्यासारखें आहे. प्रश्न एवढाच कीं, बाहेर आल्यावर तो प्रथम कोणाकडे जातो. ज्यांनीं दाखविलें त्यांनीं न दाखविलेलें असें काय होतें, आणि तें पाहण्यासाठीं आगगाडीचें तिकीट काढून स्वतःच्या पैशानें कोठें जावें लागेल, हें ज्यास विचारावेंसें वाटतें त्याची दृष्टि शाबूत आहे असें समजावें. हा विचार मनांत येणें बंद झालें म्हणजे दार उघडणाऱ्यानें पुरी किंमत वसूल केली असें खुशाल समजावें.

वाचकाचेंहि याबाबत कांहीं कर्तव्य आहे. धृतराष्ट्रानें पाहण्याचें नाकारलें, परंतु संजयास प्रश्न विचारणें त्यानें सोडलें नाहीं; आणि उत्तर कडू आहे म्हणून त्यानें संजयास हांकलूनहि दिलें नाहीं. १९४५ च्या सप्टेंबरांत अमेरिकन वाचकास जें हवें होतें तेंच लॉरेन्सनें दिलें. जिंकलेल्या राष्ट्रास आपल्या विजयाचें तेज पाहावयाचें होतें. त्याखालीं काय होतें हें ऐकण्याची त्याची तयारी होण्यास जवळजवळ एक वर्ष जावें लागलें. ऑगस्ट १९४६ च्या अखेरीस 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकानें आपला सबंध अंक जॉन हर्सीच्या 'हिरोशिमा' या एकाच वृत्तांतास दिला. त्यांत हिरोशिमांत वांचलेल्या सहा माणसांची हकीकत होती. हर्सी विज्ञानाचा बातमीदार नव्हता. परमाणूविषयीं त्यास लॉरेन्सच्या शतांशहि ज्ञान नव्हतें. तो त्या शहरांत गेला, वांचलेल्यांना भेटला, आणि काय झालें म्हणून त्यानें त्यांना विचारलें.

ज्ञान अधिक असणें हें साक्षीदाराचें पहिलें लक्षण नव्हे, एवढें या दोघांस शेजारीं ठेवून पाहिल्यावर पटावें. आंधळा राजा सिंहासनावर बसून वाट पाहत आहे आणि त्याच्यापाशीं कान एवढेंच साधन आहे, ही आठवण ज्यास राहते तो साक्षीदार. संजयास दिव्यदृष्टि युद्धापुरतीच मिळाली होती. दुर्योधन पडला आणि ती गेली. ती होती तोंवर तिचें ऋण त्यानें ज्याचें त्यास फेडलें, आणि भीष्म पडल्याचें आधीं सांगितलें.